४५ एचपी ट्रॅक्टर : डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ताकद वाढते का?

प्रश्न: नांगरटीत इंजिन दबतं, काळा धूर येतो, डिझेल जास्त जातं. मिस्त्री डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवू म्हणतो. करावं का?

उत्तर १: अजिबात नको. काळा धूर म्हणजे डिझेल आधीच हवेपेक्षा जास्त पडतंय. टर्बो (जादा हवा आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनात आणखी डिझेल ओतलं तर पिस्टनचा माथा जळतो, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) जातं. आधी ऑइल-बाथ एअर क्लीनर (इंजिनात जाणारी हवा तेलातून गाळणारा फिल्टर) उघडा: जाळी डिझेलने धुवा, वाटीत खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा. मग नॉझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) टेस्टरवर तपासा. फवारा धुक्यासारखा हवा. थेंब गळत असेल तर नॉझल बदला. नॉझलचं प्रेशर आणि टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर मॅन्युअलप्रमाणेच, अंदाजपंचे नाही.

उत्तर २: चाकाची घसरणही मोजा, ती सगळे विसरतात. मागच्या टायरला खडूची खूण करा. नांगर उचलून १० फेऱ्यांत जेवढं अंतर जातं, तेवढ्याच अंतराला नांगर लावून ११.५ फेऱ्या लागल्या तर घसरण १३ टक्के, ठीक आहे. १५ च्या वर गेली तर टायरमध्ये पाणी भरा किंवा वजनं लावा.

उत्तर ३: डिझेल फिल्टर बदलल्यावर डिझेल लाइनमधली एअर (हवा) काढायला विसरू नका, नाहीतर मिसिंग येईल (इंजिन अडखळत चालेल) आणि दोष पंपावर जाईल.