क्लाउनफिशच्या घरातला कारभार

समुद्रफूल म्हणजे फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी; त्यातच राहणाऱ्या क्लाउनफिश या छोट्या माशाला मात्र अंगावरच्या चिकट थरामुळे तो डंख लागत नाही. पण आमच्या नागपूरच्या पोट्ट्यांना त्याहून जास्त मजा वाटते ती त्यांच्या घरातल्या कारभाराची. एका समुद्रफुलात सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, मग लहानसहान मंडळी. जन्मतः सगळे नरच! मादी मेली की तिचा नरच मादी होतो आणि रांगेतल्या पुढच्याला बढती मिळते. अंड्यांची राखण मुख्यतः बाबांकडे: परांनी पाणी हलवत राहायचं, खराब अंडी काढायची, साधारण आठवडाभर. भांडताना ते जबडा आपटून टकटक आवाजही काढतात. हे सांगितलं की वर्गभर दात वाजायला लागतात, तयारी ठेवा.

चित्र काढताना सगळे नारिंगी, तीन पट्ट्यांचे नकोत. जवळपास ३० जातींत काही काळपट, काही एकाच पट्ट्याचे असतात. आपल्याकडे अंदमान, लक्षद्वीपला सापडतात.

घरी टँकचा हट्ट झाला तर मात्र जपून. खारं पाणी आणि साधारण २५-२६ अंश तापमान लागतं, अन् मे महिन्यात आपल्याकडे नळालाच चहाचं आधण येतं.