शाळेत मुलांना औषध कुणी द्यायचं? माझं मत: शाळेने द्यावं, पण पुडीतलं नाही

वर्गशिक्षिका (धागा सुरू करणारी)
मागच्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाने दप्तरातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत दोन पांढऱ्या गोळ्या आणि एक अर्धी मोडलेली, बाहेर पेनने लिहिलेलं "मधल्या सुट्टीत द्या". गोळी कसली, किती मिलिग्रॅमची, एक द्यायची का दीड, काहीच नाही. आईला दोनदा फोन लावला, उचलला नाही. मी गोळी दिली नाही. संध्याकाळी आई गेटवर खूप चिडली, एवढंसं काम तुमच्याच्याने होत नाही का म्हणाली. वाईट वाटलं मला, पण उद्या परत पुडी आली तरी मी देणार नाही.

शाळेने औषध द्यावं याच मताची मी आहे, पण ते मूळ पाकिटात किंवा बाटलीत यायला हवं, मुलाचं नाव घालून, सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेलं डोस आणि वेळ, पालकांची सही, आणि देणाऱ्याने दिल्या दिल्या वहीत वेळ टाकून सही करायची. व्हॉट्सॲपवर "मॅडम प्लीज देऊन टाका" चालणार नाही. आणि सगळी औषधं ऑफिसच्या कपाटात, कुलपात. बोला, काय वाटतं?

दम्याच्या मुलीची आई
मॅडम, पुडी दिली नाहीत ते अगदी योग्य केलंत. पण "सगळी औषधं कुलपात" याला माझा कडक विरोध आहे. माझी लेक ११ वर्षांची, दमा आहे. पीटीच्या तासाला दम लागला, इनहेलर ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते बाहेर कामाला गेलेले. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, खांदे वरखाली होतायत, "आई" म्हणून पुढचं वाक्य पुरं करता येत नव्हतं. किल्ली यायला १२ मिनिटं लागली, तिथे एकेक मिनिट मोजलंय मी. तो निळा साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत काम करायला लागतो, पण हातात असेल तर ना! ती स्वतः स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) लावून नीट घेते, डॉक्टरांनी समोर बसवून घ्यायला लावून बघितलंय. तो तिच्या दप्तरातच हवा.

हायस्कूल शिक्षक
मी दोघींच्याही विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. मुळात हे आमचं काम नाही. वर्गात ५० पोरं, एकाच तासात तिघांना तीन औषधं, आणि त्यात एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात हो, चुकून ह्याची त्याला गेली तर काय? घरी द्या, नाहीतर सुट्टीत पालकांनी येऊन द्या. आणि पंप दप्तरात म्हणाल तर माझ्या वर्गात एकाने दुसऱ्याचा पंप गंमत म्हणून ओढला होता, दिवसभर छाती धडधडतेय म्हणून रडत होता.

मेडिकल दुकानात बसणारा
सरांचं निम्मं पटतं. बरीच औषधं शाळेत यायलाच नको असतात. तीन वेळचं अँटिबायोटिक बऱ्याचदा सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना असं बसवता येतं, फक्त डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने वेळ बदलायची नाही. मेथिलफेनिडेटचंही (एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही अशा मुलांना देतात ते औषध) तसंच, साधी गोळी ४ तासांच्या आसपास टिकते म्हणून दुपारचा डोस लागतो, हळू सुटणारी मिळते ती सकाळी एकदा घेतली की शाळेचा वेळ बहुतेक निघतो. ही मात्र मोडून किंवा कुटून द्यायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. मॅडम, म्हणून त्या मोडलेल्या गोळीची मला जास्त धास्ती वाटली.

आणि तापाचं साधं औषध म्हणून हलक्यात घेऊ नका. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान ४ तास हवेत. आईने ७ ला दिलं, शाळेने ९ ला परत दिलं, दोघंही चांगल्याच मनाने. सिरप तर अजून फसवं, एका बाटलीत ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीत २५०. नुसतं "एक चमचा" लिहिलं तर डोस दुप्पट जाऊ शकतो. वहीत "घरी शेवटचं कधी दिलं" हा रकाना हवाच.

टाइप १ डायबेटिसवाल्याचा बाप
सर, "घरी द्या" हे माझ्या पोराला लागू होत नाही. इन्सुलिन खाण्याबरोबर लागतं, ते संध्याकाळवर ढकलता येत नाही. मी रोज सुट्टीत येत होतो, दोन वर्षं, मग नोकरीच गेली असती. आता तो स्वतः इन्सुलिनच्या पेनने घेतो, कुणीतरी शेजारी उभं राहून पेनवरचा आकडा बघायचा, एवढंच मागतोय.

खरी भीती शुगर खाली जाण्याची. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपासायचं. एकदा घाम फुटला, हात थरथरायला लागले तर त्याला "ऑफिसात जाऊन बस" म्हणून एकट्याला पाठवलं. जिन्यात सापडला, पायरीवर बसलेला, बुटाची लेस हातात धरून, ती बांधायची कशी तेच कळेना त्याला. पाठवणाऱ्याला दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अशा मुलाला एकटं सोडायचं नाही आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, हे शिकवायला अर्धा तास पुरतो.

हायस्कूल शिक्षक
जिन्याचं वाचून गप्प झालो. ठीक आहे, जीवावर बेतणारं असेल तर मी करेन. पण मला आधी शिकवा आणि लेखी द्या, मी रजेवर असलो तर दुसरं कोण तेही त्यात लिहा. सर्दीखोकल्याच्या बाटल्यांना माझा विरोध तसाच आहे.

दम्याच्या मुलीची आई
सर, पंप ओढला त्या पोराला समजवा ना, माझ्या लेकीचा पंप का काढून घेता? वाटल्यास दुसरा पंप वर्गाच्या कपाटात ठेवा, कुलूप न लावता.

वर्गशिक्षिका
ताई, माझं चुकलं, "सगळी" लिहायला नको होतं. पंप, ॲलर्जीचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, फिट ५ मिनिटांच्या वर गेली तर द्यायचं औषध, ग्लुकोज, ही उघडी आणि हाताशी. मेथिलफेनिडेटसारखी कुलपातच, तीही मोजून. पुडीवर मात्र मी ठाम आहे. त्या आईला परवा फॉर्म दिला, काल बाटली आणि डॉक्टरांचा कागद घेऊन आली, गोळी खरंच अर्धीच द्यायची होती.

आता पुढच्या महिन्यात सहल आहे आणि ही औषधांची पिशवी कुणाच्या खांद्यावर असणार ते अजून ठरलेलं नाही. बसच्या डिकीत तरी मी टाकू देणार नाही.