मदत हवी आहे : मध्ययुगीन इतिहासाची पुस्तकं आणि ऑनलाइन साधनं (जरा अर्जंट)

अक्षय_नगरकर
नमस्कार मंडळी. मध्ययुगीन इतिहासावर चांगली पुस्तकं सुचवा प्लीज, मराठी असली तर उत्तम, इंग्रजीही चालतील पण फार जड नकोत. नेटवर फुकट मिळणारी असतील तर आधी ती सांगा, ऑर्डर करून पुस्तक यायची वाट बघण्याएवढा वेळ नाही. गूगल करून करून वैतागलोय, जिथे जावं तिथे तेच चार परिच्छेद कॉपी-पेस्ट केलेले आणि कुठून घेतले ते कुणीच लिहीत नाही, आमच्या सरांना नेमकं तेच हवंय. विकिपीडिया बघून झालाय, तो सांगू नका. सोमवारच्या आत काहीतरी हातात पाहिजे.

सुलभा_जोशी
कुठला मध्ययुगीन? युरोपचा, दिल्लीचा, दक्षिणेचा? आणि कशासाठी, परीक्षा की असंच वाचायला?

गट_अ_२०२६
एमपीएससी असेल तर जास्त विचार करू नकोस भाऊ. सतीश चंद्रांचं मध्ययुगीन भारत घे, दोन भाग आहेत, सल्तनत ते मुघल सगळं येतं. सोबत इग्नूच्या एमए इतिहासाच्या नोट्स ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत, प्रकरणवार पीडीएफ उतरवता येतात, हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत. १२०६ ते १७०७ एवढं पक्कं कर, मागच्या वर्षांचे पेपर सोडव, बास. मी हेच केलं आणि प्रीलिमला इतिहासात अडलो नाही.

अक्षय_नगरकर
एमपीएससी नाही हो. एमएचा लघुप्रबंध आहे. दख्खन.

रानवाटा
दख्खन म्हणजे देवगिरीचे यादव का? तर मग ओ. पी. वर्मांचं यादवांवरचं पुस्तक आणि तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' ही दोन घेतल्याशिवाय पुढे जाऊच नकोस. त्या काळातली साधी माणसं काय खायची, कुठे राहायची, बाजारात काय घ्यायची हे लीळाचरित्रात जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच ताम्रपटात नाही. मला विचारशील तर महाराष्ट्राचा मध्ययुगीन इतिहास लीळाचरित्रापासूनच शिकवायला हवा.

पुणेरी_वाचक
रानवाटा, त्याने यादव म्हटलंय कुठे? बहामनी असतील तर सगळी यादीच बदलते. शेरवानींचं बहामनींवरचं पुस्तक, आणि शेरवानी व पु. म. जोशी यांनी संपादित केलेला मध्ययुगीन दख्खनचा इतिहास, दोन खंड, १९७३-७४ चे. दुसऱ्या खंडात भाषा, नाणी, वास्तू असं सगळं आहे. अक्षय, घराणं सांग, नाहीतर आम्ही अंधारात बाण मारत बसू.

फारसी_अभ्यासक
कुठलीही शाही असो, बरीच मूळ साधनं फारसीत आहेत. भाषांतरं वाचून मत बनवणाऱ्यांची पिढीच्या पिढी झाली आपल्याकडे. फेरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथाचं ब्रिग्जने केलेलं इंग्रजी भाषांतर १८२९ चं आहे, त्यात ठिकठिकाणी गाळलंय, ठिकठिकाणी स्वतःचं घातलंय, आणि आजही लोक त्याच्यावर प्रबंध लिहितात. फारसी शिका. लिपी महिन्याभरात येते, मराठी माणसाला अर्धे शब्द आधीच माहीत असतात.

सुलभा_जोशी
फारसी काका, मुद्दा पटतो, पण त्याच्याकडे सोमवारपर्यंतचा वेळ आहे.

अक्षय_नगरकर
सॉरी, मोबाईलवरून टाइप करतोय म्हणून थोडक्यात लिहिलं. अहमदनगरची निजामशाही. तिचा वजीर मलिक अंबर. त्याची जमीन-महसुलाची पद्धत. सोमवारी सिनॉप्सिस द्यायचा आहे आणि त्यात साधनांची यादी लागते, सर म्हणाले किमान काही प्राथमिक, म्हणजे त्या काळातलीच, साधनं दाखव नाहीतर विषय बदल. मला विषय बदलायचा नाही.

किल्लेदार
मलिक अंबर! मग भातवडी बघून ये आधी. १६२४ ला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकटा पुरून उरला तो तिथे. तळ्याचं पाणी सोडून सगळा मुलूख चिखल केला आणि रात्री छापे घातले. शहाजीराजे होते त्या लढाईत, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. नगरहून जवळ आहे, सकाळी निघून दुपारी परत येशील. पावसाळ्यानंतर गेलास तर तळं भरलेलं असतं.

रानवाटा
किल्लेदार, भातवडीला गाडी थेट जाते का? आमचा ग्रुप दिवाळीनंतर यायचं म्हणतोय.

किल्लेदार
जाते की. व्यक्तिगत निरोप करतो. तिथून पुढे खुलताबादला अंबरची कबरही बघा, आणि संभाजीनगरात त्यानेच बांधलेली पाणचक्की आहे.

पुणेरी_वाचक
पाणचक्की अंबरची नाही, ती १८ व्या शतकातली. अंबरची ती नहर, खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवल्यावर शहराला पाणी आणण्यासाठी केलेली. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत, कृपया प्रबंधवाल्या मुलाच्या धाग्यावर तरी सरमिसळ नको.

अक्षय, तू भ. ग. कुंट्यांचं 'अहमदनगरची निजामशाही' मिळव. तबातबाच्या बुऱ्हाने मासिरचं मराठी भाषांतर आहे, खुद्द नगरच्या दरबारात लिहिलेला ग्रंथ, याहून प्राथमिक काय हवं. साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची पुष्कळ जुनी पुस्तकं फुकट आहेत, तिथे आधी शोध.

जुने_कागद
थांबा जरा. बुऱ्हाने मासिर निजामशाहीसाठी सोन्यासारखा आहे, पण अक्षयच्या विषयाला त्याचा उपयोग नाही. तबातबाने तो दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहासाठी लिहायला घेतला आणि त्याची हकीकत चांदबिबीच्या वेळच्या वेढ्यापाशी, १५९६ च्या आसपास थांबते. अंबर वर आला तो १६०० ला नगरचा किल्ला पडल्यानंतर. सिनॉप्सिसमध्ये हा ग्रंथ अंबरच्या महसुलाचं साधन म्हणून लिहिला तर पहिलाच प्रश्न येईल आणि उत्तर नसेल. फेरिश्ताचंही थोडंफार तसंच. तो तरुणपणी नगरला होता, १५८९ ला विजापूरला गेला आणि तिथल्या राजाच्या आश्रयाने लिहीत राहिला. अंबरच्या अखेरच्या वर्षांपर्यंत तो पोचत नाही, आणि शेतसारा हा त्याचा विषयच नाही.

पुणेरी_वाचक
पार्श्वभूमीसाठी तर लागेलच ना. निजामशाही कशी उभी राहिली ते न सांगता एकदम महसुलावर उडी कशी मारणार?

जुने_कागद
पार्श्वभूमीसाठी जरूर. मी म्हणतोय त्याला त्या यादीत टाका, प्राथमिक साधनांच्या नाही.

आता अक्षय, नीट वाच. ते चार परिच्छेद जे तुला सगळीकडे दिसतायत, की अंबरने जमीन मोजून घेतली, इजारा (वसुलीचा मक्ता) बंद केला, पाटलांकडे वसुलीची जबाबदारी दिली, आधी उत्पन्नाचे दोन पंचमांश धान्यात घ्यायचा आणि पुढे एक तृतीयांशाच्या हिशोबाने रोख, हे मागे मागे नेत गेलास की बहुतेक वेळा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याच्यापाशी पोचतोस. डफचं पुस्तक १८२६ चं, अंबर वारला १६२६ ला. मध्ये २०० वर्षं. म्हणजे ते खोटं आहे असं नाही, कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे तेव्हा गावोगावची जुनी दप्तरं होती आणि जुना धारा (शेतसारा) काय होता हे त्यांना नवा बसवण्यासाठी हवंच होतं. पण ते अंबरच्या काळचं साधन नव्हे, आणि हा फरक तू सिनॉप्सिसमध्ये उघडपणे मांडलास तर तीच तुझ्या प्रबंधाची जागा होईल. डफ, मग १८८४ चा अहमदनगरचा गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १७ वा खंड, दोन्ही इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. गॅझेटिअरमधलं इतिहासाचं प्रकरण सगळे वाचतात, तू जमीन-महसुलाचं वाच.

समकालीन म्हणशील तर जहांगीरचं आत्मचरित्र, रॉजर्स आणि बेव्हरिजचं भाषांतर. तिथे अंबरचं नाव शिव्यांशिवाय येत नाही. आणि त्याच जहांगीरच्या दरबारातला मुतामदखान इकबालनाम्यात अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या कर्तबगारीची तारीफ करतो. शत्रूने केलेली तारीफ म्हणून तिला वजन आहे. डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक १६१७ ला त्याला प्रत्यक्ष भेटला होता. शिवभारतात भातवडीचं वर्णन आहे, पण ते पुढच्या पिढीत लिहिलेलं. यातल्या कशातही शेतसाऱ्याचा दर मिळणार नाही. तो मिळाला तर कागदांत मिळेल, म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळाचे शिवचरित्र साहित्याचे खंड, वि. का. राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', १५ वा खंड तर नक्की बघ, ग. ह. खऱ्यांची दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधनं. वतनाचे महजर (सभेत साक्षी घेऊन झालेल्या निकालाचे कागद), कौलनामे (सरकारने लिहून दिलेल्या शर्ती), भांडणांचे निवाडे. त्यात नाव 'मलिकंबर' असं जोडून सापडेल. एकेक कागद वाचावा लागतो, सूची बघून भागत नाही.

फारसी_अभ्यासक
जुने कागद यांच्याशी सहमत, फक्त एक जोडतो. खऱ्यांचे 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे भागही बघा, त्यात फारसी मजकुरासोबत मराठी भाषांतर आहे. आणि फारसी शिकाच, आज नाही तर पीएचडीला.

मातीशी_नाळ
शेतसारा, पाटील, कुलकर्णी, बलुतं हे समजून घ्यायचं तर गावगाडा वाचा. त्रिंबक नारायण आत्रे, १९१५. तसं पुस्तक पुन्हा झालं नाही मराठीत. आजच्या मुलांना वंशपरंपरेने जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून आलेला उपरी यातला फरक माहीत नसतो.

जुने_कागद
गावगाडा सुंदरच आहे, पण तो इंग्रजी अमलातल्या गावाचा आहे. १७ व्या शतकासाठी अ. रा. कुलकर्ण्यांचं 'शिवकालीन महाराष्ट्र' आणि इंग्रजी झेपलं तर हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाचं मध्ययुगीन दख्खनवरचं पुस्तक. आदिलशाहीतला स्थानिक कारभार त्याने कागदांतून ज्या पद्धतीने उभा केलाय, ती पद्धत तुला निजामशाहीला लावता येईल. राधेश्याम यांची निजामशाहीवर आणि अंबरवर अशी दोन वेगळी पुस्तकं आहेत. रिचर्ड ईटनच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासात अंबरवर अख्खं प्रकरण आहे, सोप्या इंग्रजीत.

अक्षय_नगरकर
खूप खूप आभार सगळ्यांचे. पण अहो राजवाडे खंड अर्काइव्हवर टाकून बघितलं, काहीच येत नाही.

सुलभा_जोशी
देवनागरीत टाकलंस का? तिथे जुनी मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवलीयत आणि तीही कुणी कशी, कुणी कशी. मराठ्यांच्या इतिहासाची साधने हे नाव मी तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाकते तेव्हा कुठे एखादा खंड लागतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या स्कॅनवर तर कधी लेखक 'माहीत नाही' आणि नाव भलत्याच पुस्तकाचं असतं. त्यामुळे उघडून पहिली चार पानं बघितल्याशिवाय उतरवू नकोस, आणि मधली पानं गळलीयत का तेही तपास. आणि गॅझेटिअर शोधताना अहमदनगर हेच नाव टाक, जुन्या नोंदी सगळ्या त्या नावावर आहेत.

शोधगंगेवर निजामशाहीवरचे पीएचडी प्रबंध असतात, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ. त्यांच्या शेवटच्या साधनसूचीचं पान आधी उघड, अर्धं काम तिथेच होईल. इंग्रजी जर्नलसाठी जेस्टोरवर साधं खातं उघडलं की महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात, उतरवता येत नाहीत.

गट_अ_२०२६
शोधगंगेतून कॉपी करू नकोस फक्त, हल्ली प्लेजरिझम चेक लावतात.

अक्षय_नगरकर
गॅझेटिअरचा १७ वा खंड मिळाला, महसुलाचं प्रकरणही. अंबरचा उल्लेख आहे! आता एक शेवटचं. माझ्या मामाच्या गावच्या पाटलांकडे एक जुना महजर आहे, मोडी, आणि त्याची कुणीतरी फार पूर्वी देवनागरीत करून ठेवलेली नक्कल. त्यावर 'शुहूर सन तिसा अशर व अलफ, छ ७ रबिलावल' असं आहे. खरं म्हणजे हा विषय त्याच्यामुळेच घेतला. याचं इसवी सन कसं काढायचं?

पुणेरी_वाचक
अरे, हे सगळ्यात शेवटी सांगतोयस? घरात प्राथमिक साधन असताना पुस्तकांची यादी मागत बसलायस!

जुने_कागद
छ म्हणजे चांद्र तारीख, तिसा म्हणजे ९, अशर १०, अलफ १०००. झालं १०१९. शुहूर ही जुन्या कागदांतली कालगणना, तिचं वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून मृगानंतरची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृग यातली असेल तर ६००. शुहूर १०१९ म्हणजे १६१८ च्या मृगापासून १६१९ च्या मृगापर्यंत. आता रबिलावल कधी आला ते बघ. हिजरी १०२८ सुरू झालं १६१८ च्या डिसेंबरात, त्यातला तिसरा महिना रबिलावल, म्हणजे ७ रबिलावल येतो फेब्रुवारी १६१९ मध्ये. डोळे झाकून ५९९ मिळवले असतेस तर वर्षभराने चुकला असतास. पक्की तारीख हे वर्ष असलेल्या जंत्रीवरून, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकावरून, काढ.

तारीख अंबरच्या ऐन कारभारातली आहे. पण नक्कल आहे, आणि वतनाच्या भांडणात जुन्या तारखेचे बनावट कागद सर्रास करत, हे विसरू नकोस. मूळ मोडी कागद अजून आहे ना? कागद जोडून लांब केलेला आहे का, सांध्यावर शिक्के आहेत का, साक्षीदारांच्या नावापुढे नांगर, तराजू अशा निशाण्या आहेत का? पाटलांची परवानगी घेऊन चांगल्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ, मागच्या बाजूचासुद्धा. वाचायला मी आहे, मोडी येणारे इथे आणखीही आहेत. आणि महजर झाला कशावरून, पाटीलकीचं भांडण की शेतसाऱ्याचं, ते तू अजून लिहिलंच नाहीस.