पक्ष्यांसाठी लेन्स: ३०० वरून पुढे कुठे जाऊ? (मनगट अधू आहे)

दुर्बीणवाली

नमस्कार मंडळी. दुर्बीण गळ्यात घालून सोळा वर्षं झाली, कॅमेरा हातात घेऊन जेमतेम दोन. निकॉन डी५६०० आणि ७०-३०० मिलिमीटरची एएफ-पी लेन्स, एवढाच माझा संसार. पक्षी ओळखण्यापुरते फोटो येतात, पण आता तेवढ्यावर भागत नाही. परवा छोटा खंड्या पंधरा-एक मीटरवर खुंटावर येऊन बसला. चोचीत मासा. सोळा फोटो काढले, घरी येऊन मोठे केले, तर मासा आहे की काडी हे मलाच कळेना! डोळ्याच्या जागी नुसता काळा ठिपका.

डोकं तीन ठिकाणी अडकलंय:
(अ) आहे त्या कॅमेऱ्यावर निकॉनची २००-५०० एफ ५.६ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त),
(ब) मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड५० टू आणि १८०-६००,
(क) निकॉनला रामराम ठोकून कॅनन आर७ आणि आरएफ १००-५००.

अडचण अशी की डावं मनगट अधू आहे. आणि ट्रायपॉड सांगू नका, मी एका जागी बसणाऱ्यांतली नाही. पक्षी पुढे गेला की मीही पुढे.

एफ_आठ

थेट ६०० घ्या. पक्ष्यांना मिलिमीटर कधी पुरले आहेत का? १८०-६०० चं झूम आतल्या आत होतं, नळी लांब-आखूड होत नाही, त्यामुळे तोलही बदलत नाही. मनगटासाठी मोनोपॉड (एकपायी टेकू) घ्या. विषय संपला.

खांदेदुखी

विषय आत्ता सुरू झालाय. :)

ताई, खरेदी आठवडाभर पुढे ढकला आणि आधी दोन उद्योग करा.

पहिला उद्योग. वाया गेलेले फोटो डिलीट केले नसतील तर त्यातले शंभर उघडा आणि प्रत्येकापुढे मरणाचं कारण लिहा: पक्षी लहान होता, फोटो हलला, की फोकस मागच्या पानावर गेला. बस्स, तीनच रकाने. हे न करता मी दोनदा लेन्स बदलली आहे. दोन्ही वेळा जुनेच फोटो नव्या वजनात काढले.

दुसरा. दोन लिटरची बाटली पाण्याने भरा, डाव्या तळव्यावर घेऊन डोळ्यासमोर धरा आणि घड्याळ लावा. लिटर म्हणजे किलो, हिशेब सोपा. मग ती दुसऱ्या एका भरलेल्या छोट्या बाटलीसकट धरून बघा, पावणेतीन किलोपर्यंत. तुमचे (अ) आणि (ब) तिथेच आहेत: २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २.३ किलो आणि वर तुमची बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, झाले पावणेतीन. १८०-६०० आणि झेड५० टू मिळून कॉलरसकट २.७, कॉलर काढली तर अडीच. (क) मात्र कॉलर काढून दोन किलोच्या आत बसतो. दुकानात काउंटरवर कुठलीही लेन्स हलकी लागते, कारण तिथे तुम्ही ती वीस सेकंद धरता. पक्षी फांदीआडून बाहेर येईपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहायचं म्हणजे काय, ते तिथे कळत नाही.

आता मिलिमीटरबद्दल. तुमचाच खंड्या घेऊ. तो साधारण १६ सेंटिमीटरचा. १५ मीटरवरून ३०० च्या लेन्सने तुमच्या सेन्सरवर त्याची सव्वातीन मिलिमीटरची प्रतिमा पडते, म्हणजे सुमारे ८०० पिक्सेल. ६०० ने ते १६०० होतात. पण त्याच ३०० ने तुम्ही १० मीटरवर पोचलात तर १२०० होतात, फुकटात. आणि आता गंमत बघा: आर७ चा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा आणि तुमच्यापेक्षा किंचित लहान, त्यामुळे त्यावर ५०० नेही खंड्याला साडेसोळाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. म्हणजे तुमच्या बॉडीवर ६०० लावल्यासारखंच. याउलट कोणी २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या म्हणालं, तर ६०० लावूनही पिक्सेल हजारावर थोडे. लेन्सवरचा आकडा एकटा वाचायचा नसतो तो यासाठी.

१००-५०० लांब टोकाला एफ ७.१ होते म्हणून लोक नाक मुरडतात. ६.३ आणि ७.१ मध्ये फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजाडायच्या आधी दाट झाडीत घुसणारे असाल तर तो बोचेल, एरवी नाही. आर७ ची खरी खोड वेगळीच. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर सेन्सर वरून खाली सावकाश वाचला जातो आणि फडफडणारे पंख केळ्यासारखे वाकडे येतात. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल (खऱ्या पडद्याचं) शटरच लावायचं. सेकंदाला १५ फोटो तरीही निघतात, ते निवडतानाच जीव जातो.

आणि तुमच्या यादीत नसलेला चौथा पर्याय: निकॉनची ५०० एफ ५.६ पीएफ, २०१८ ची. १४६० ग्रॅम. फ्रेनेल (पातळ, कंगोरेदार) भिंगामुळे ती एवढी आखूड आणि हलकी झाली. तुमच्या आहे त्याच कॅमेऱ्यावर लागते, दोन्ही मिळून दोन किलोच्या आत. उद्या निकॉनचा मिररलेस घेतलात तर एफटीझेड अडॅप्टरने त्यावरही चालते. जुन्या बाजारात शोधावी लागेल. तिची दोन दुखणी सांगून ठेवतो. तीन मीटरच्या आत फोकस होत नाही. आणि झूम नाही, म्हणजे पक्षी चौकटीत सापडवणं आलं. पण सोळा वर्षं दुर्बीण वापरणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची, तेच इथेही. चौकट दुर्बिणीपेक्षा बरीच अरुंद असते, आठवडाभर चिडचिड होईल.

अवांतर: टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्समागे लावायच्या वाढीव भिंगाच्या) नादी लागू नका. मी एफ ६.३ च्या झूमवर १.४ चा लावला, झाला एफ ९, आणि डीएसएलआरचा (आरशाच्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस आंधळ्या कोशिंबिरीसारखा मागेपुढे चाचपडत बसला. त्याच्याही आधी महिनाभर ‘लेन्स सदोष आहे’ म्हणून विकणाऱ्याशी भांडलो होतो. शेवटी मीच भिंगावर चढवलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) काढला आणि पिसं दिसायला लागली. माफी मागायला गेलो, तर तो म्हणाला, तुम्ही चौथे.

अर्धाकिलो

मनगट अधू आणि तरी कोणी ओएम-१ कॅमेऱ्याचं नाव घेत नाही? १००-४०० लेन्ससकट १.७ किलो. सेन्सर लहान, त्यामुळे ४०० ची चौकट फुल फ्रेमवरच्या ८०० एवढी. प्रो कॅप्चर म्हणजे बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही कार्डावर उतरतात. खंड्याने सूर मारला की माझं बोट नेहमी उशिरा पडतं, तरी फोटो असतो.

खांदेदुखी

हे मी लिहायला हवं होतं. एकच पुस्ती जोडतो: ‘८००’ ही चौकट झाली, भिंग ४०० चंच. पंधरा मीटरवरच्या खंड्याला तेराशेच्या आत पिक्सेल. आणि अंधार पडायला लागला की लहान सेन्सरवर दाणे (फोटोतला रवाळपणा) लवकर येतात. भर उजेडात हिंडणाऱ्याला त्याचं काही नाही.

एफ_आठ

डी५६०० वर लांब प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यात एएफ फाइन-ट्यून नाही. लेन्सचा फोकस दोन बोटं मागे पडत असला तर कॅमेऱ्यात दुरुस्त करता येत नाही. घेण्याआधी स्वतःच्या बॉडीवर लावून, एफ ५.६ लाच, तिरक्या धरलेल्या मोजपट्टीवर तपासा. मोनोपॉडचं मागे घेतो. ट्रायपॉड नको म्हणणारी बाई मोनोपॉड काय वागवणार.

दुर्बीणवाली

दोन्ही उद्योग केले.

बाटली: दोन लिटर ठीक, दोन मिनिटांनी हात थरथरला पण दुखलं नाही. पावणेतीन किलोला चाळीस सेकंदांत मनगटातून कळ आली. (अ) बाद, (ब) बाद. घरचे विचारत होते की बाटलीवर कोणता पक्षी बसलाय.

फोटो: शंभरातले ५७ हललेले, २४ फोकस चुकलेले, आणि पक्षी लहान म्हणून वाया गेलेले फक्त १९! मला वाटलं होतं आकडे उलटे येतील. मग शटर स्पीड बघितला आणि कपाळाला हात लावला. खंड्याचे सोळाच्या सोळा फोटो १/१६० सेकंदावर. व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू होतं म्हणून मी निर्धास्त.

खांदेदुखी

व्हीआर तुमचा हात धरतं, पक्ष्याची मान नाही. बसलेला पक्षीसुद्धा सतत झटके देत असतो, हे दुर्बिणीतून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. बसलेल्याला १/८०० च्या खाली उतरू नका, उडत्याला १/२०००. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) ऑटोवर. दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं सरळ होत नाही.

फोकससाठी मधला एकच बिंदू, एएफ-सी (सतत फोकस धरत राहणारा), आणि तो बिंदू डोळ्यावर. चोवीसपैकी निम्मे तिथेच सुटावेत.

दुर्बीणवाली

आज सकाळी त्याच खुंटासमोर गेले. तीच ७०-३००, १/१०००, एफ ६.३, आयएसओ २००० च्या आसपास फिरत होता. पहिल्यांदा तो उडाला. मग मी गवतात बसले आणि पाऊण तास हललेच नाही (एका जागी बसणाऱ्यांतली नाही म्हणाले होते ना, ते मागे घेते). तो परत आला, बहुतेक दहा मीटरवर. दाणे आहेत, पण डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे, आणि माशाचं तोंड त्याच्या घशाकडे आहे, शेपटी बाहेर. काडी नव्हे हे नक्की.

एका ओळखीच्यांकडे ५०० पीएफ आहे, रविवारी हातात देतो म्हणालेत. मोजपट्टी घेऊन जातेय. तिरकी म्हणजे साधारण किती अंशात धरायची?

एफ_आठ

४५. आणि मोजपट्टीवर फोकस करू नका, तिच्या शून्याशेजारी एक सरळ उभा खोका ठेवा, फोकस त्याच्यावर. शून्याच्या पुढे स्पष्ट दिसतंय की मागे, ते पट्टी सांगेल. दहा फोटो काढा, एकावर जाऊ नका.