मलिक अंबरने मराठ्यांना गनिमी कावा शिकवला, हे कितपत खरं?

वाटाड्या_नगर:
रविवारी मुलाला घेऊन नगरजवळच्या भातवडीला गेलो होतो. तलावाच्या बांधावर उभं राहून त्याला निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने मुघलांना हरवलं ती १६२४ ची लढाई सांगत होतो, तर त्याने मध्येच विचारलं, "बाबा, अंबर तर हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला होता ना? मग शहाजीराजे त्याच्या बाजूने का लढले? आणि गनिमी कावा त्यानेच शिकवला का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला जमलं नाही. दुसऱ्याला मी "हो" म्हणून मोकळा झालो आणि तेव्हापासून रुखरुख लागली आहे. जाणकारांनी सांगावं.

खडकीकर:
मुलाला "हो" म्हणालात ते अर्धंच खरं आहे. घोडा, डोंगर आणि खिंड मराठ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दख्खनच्या शाह्यांमध्ये बारगीर (सरकारी घोड्यावरचे स्वार) आणि शिलेदार (स्वतःच्या घोड्यावरचे) अंबरच्या आधीपासून चाकरी करत होते. अंबरने ओळखलं ते असं की मुघलांची छावणी हीच त्यांची दुखरी बाजू. तोफा, हत्ती, तंबू, बाजार असं अख्खं शहर बरोबर चालायचं. त्याला रोज गवत लागायचं, धान्य लागायचं. मग समोरासमोर भिडायचंच कशाला? गवत-लाकूड आणायला बाहेर पडलेली माणसं गाठायची, बैल हाकून न्यायचे, रात्री छावणीवर तुटून पडायचं आणि उजाडायच्या आत पसार व्हायचं. चार दिवसांत छावणीतली जनावरं उपाशी. हे काम हलक्या घोड्यावरचा, इथल्या वाटा पाठ असलेला माणूसच करू जाणे. अंबरने त्याच्यावर भिस्त ठेवली.

भातवडीला हेच झालं. तलावाचा बांध फोडून पाणी सोडलं, मुघल आणि आदिलशाही फौजेची वाट चिखलात गेली, वर रात्रीचे छापे. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला, मुघल सरदार लष्करखान हाती लागला. आपल्या बाजूने शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. मुलाला हे जरूर सांगा.

रानवाट:
अंबरचा मराठ्यांवर एवढा विश्वास होता तर शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मुघलांकडे कसे गेले?

खडकीकर:
गेले, आणि ते एकटेच नव्हते. १६१६ च्या सुमाराला काही सरदार फुटले, त्याच वर्षी मुघलांनी अंबरने वसवलेली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) जाळली. सरदार वतन आणि मनसब बघून बाजू बदलायचे, आणि ते सगळ्याच दरबारांत चालायचं. मला मोठं वाटतं ते हे की खडकी जळूनही अंबर उभा राहिला. त्यामागे तलवारीइतकाच जमीनमहसूल होता. त्याने मक्त्याने (ठेक्याने) वसुली देणं बंद केलं, जमिनीचा कस बघून धारा (शेतसारा) बांधला. पुढे कितीतरी वर्षं मराठी कागदांत या पद्धतीसाठी 'मलिकंबरी' हा शब्द टिकला. शेत पिकलं तरच बारगिराच्या घोड्याला चंदी (दाणा) मिळणार, हे त्याला कळत होतं.

वाटाड्या, तुमच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. चापू नावाचं एक पोर, गुलाम म्हणून हातोहात विकलं गेलं, बगदादच्या माणसाने त्याला अंबर नाव दिलं, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशीच होता, त्याने ते विकत घेतलं. १६०० मध्ये नगर पडलं तेव्हा याच अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातला मुर्तजा गादीवर बसवला आणि राज्य पुन्हा उभं केलं. शहाजीराजांनी हे जवळून पाहिलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर त्यांनी पेमगिरी किल्ल्यावर काय केलं? त्याच घराण्यातलं एक मूल गादीवर बसवलं आणि तीन वर्षं मुघलांशी झुंज दिली. माझ्या मते अंबरकडून शिकलेली गोष्ट असेल तर ती ही.

वाटाड्या_नगर:
पेमगिरीचं मी असं जोडून कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या सुट्टीत खुलताबादला त्याच्या कबरीवर नेतो त्याला.

खडकीकर:
जरूर न्या. शेजारीच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची कबर आहे, तीही दाखवा.