लाखो नोंदींची यादी आद्याक्षरानुसार गाळताना पान मंद होतं, ‘क्ष’ रिकामा येतो

प्रश्न
मराठी शब्दसूचीच्या टेबलात सुमारे ४ लाख नोंदी आहेत, वर अक्षरपट्टी. ‘स’ दाबला की पान उघडायला ७-८ सेकंद लागतात. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या शोध-आज्ञेत) लेफ्ट फंक्शनने पहिलं अक्षर काढून तुलना केली आहे. शब्दाच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) आहे. ‘क्ष’ दाबल्यावर मात्र एकही नोंद येत नाही. डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे.

उत्तर १
इंडेक्स आहे, पण वापरला जात नाही. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की प्रत्येक ओळीचं अक्षर काढून बघावं लागतं, म्हणजे चारही लाख ओळी. लाइक 'स%' लिहा. % म्हणजे ‘इथे काहीही चालेल’; तो फक्त शेवटी. सुरुवातीला लावलात तर पुन्हा सगळं टेबल चाळलं जाईल. मग एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवा: टाइपच्या रकान्यात ‘ऑल’ (सगळं टेबल) जाऊन ‘रेंज’ (इंडेक्सचा ठरावीक भाग) यायला हवं.

उत्तर २
वेगासाठी वरचं बरोबर आहे, पण ‘क्ष’ त्याने पूर्ण सुटणार नाही. क्ष दिसायला एक अक्षर, साठवणीत तीन: क, हलन्त, ष. म्हणून लेफ्टने काढलेलं एक अक्षर कधीच ‘क्ष’ नसतं, आणि लाइक 'क%' मध्ये ‘क्षमा’ही येते. ज्ञ चं तेच.

आद्याक्षराचा वेगळा जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून डेटाबेस स्वतः भरतो तो) करा. पहिली तीन अक्षरं क्ष किंवा ज्ञ असतील तर तेच, नाहीतर पहिलं एक. ‘श्रावण’ श मध्येच राहू द्या. कॉलम व्हर्च्युअल (टेबलात न साठवलेला) असला तरी इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात, त्यावर इंडेक्स घालता येतो आणि टेबल नव्याने बांधावं लागत नाही. हे काम अ‍ॅप्लिकेशनवर सोपवू नका. कोणी थेट टेबलात नोंदी ओतल्या की कॉलम रिकामा राहतो.

खरा त्रास टायपिंगचा आहे. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो: एकच कोड, किंवा अ वर चंद्र. दिसतात सारखे, पण युनिकोड नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ दोन ठिकाणी विभागला जातो. दोन्ही ‘अ’खाली आणा. सुरुवातीची स्पेस आणि अवतरणचिन्हं काढून मगच अक्षर ठरवा. क आणि ष यांच्यामध्ये अदृश्य जॉइनर (अक्षरांची जोडणी ठरवणारं चिन्ह) घुसला असेल तर तीन अक्षरांची तुलना फसते, म्हणून अक्षर ठरवताना तो वगळा. मूळ शब्दातून मात्र पुसू नका! जुन्या टायपिंगमध्ये ‘दुसऱ्या’ सारख्या शब्दांतला अर्धा र त्याच्यावरच उभा असतो.

प्रश्नकर्ता
‘क्ष’ आला, पहिलं पानही लगेच उघडतं. ‘स’ची शेवटची पानं अजून रेंगाळतात. पानाला ५० नोंदी, ऑफसेटने (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या, असं सांगून).

उत्तर ३
ऑफसेट ३०००० म्हणजे तेवढ्या ओळी वाचून टाकून द्यायच्या. इंडेक्स आद्याक्षर, शब्द, आयडी असा एकत्र करा. आधीच्या पानावरचा शेवटचा शब्द आणि आयडी दुव्यातून पुढे द्या, आणि ‘शब्द त्याहून मोठा, किंवा शब्द तोच पण आयडी मोठा’ अशी अट घालून ५० ओळी उचला. आयडी विसरू नका, नाहीतर समान शब्द पानाच्या सीमेवर गळतात. थेट ६०० व्या पानावर उडी मारता येणार नाही, पण ‘स’मध्ये ‘सा’, ‘सु’ अशी दुसरी पट्टी दिलीत तर त्या उडीची गरजही फारशी उरत नाही.

पट्टीतली बटणं हाताने लिहू नका. आद्याक्षरावर ग्रुप बाय (अक्षरानुसार गट) करून मोजणी कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा आणि शून्यवाली अक्षरं दाखवूच नका. ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही, ते बटण आपोआप जाईल.