प्लास्टिकच्या खुर्चीला नाकं मुरडणं आता पुरे!

मांडवाखालचा

आमच्या सोसायटीच्या हॉलसाठी खुर्च्या घ्यायच्या आहेत. समितीने प्लास्टिकच्या सुचवल्या आणि ग्रुपवर धुरळा उडाला. ‘हॉलला मंगल कार्यालयाची कळा येईल’, ‘चीप दिसतं’, ‘निदान लोखंडी तरी घ्या’. म्हणून हा धागा. रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये गेल्या पन्नास वर्षांत या हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीइतकं डोकेबाज डिझाइन मला तरी दुसरं दिसत नाही.

घरातली एक खुर्ची उलटी करून बघा. पाय भरीव नाहीत. काटकोनात दुमडलेली जेमतेम काही मिलिमीटरची भिंत आहे, आणि ताकद सगळी त्या दुमडीत. एखाद्या ठिकाणी बारीकसा टिंब हाताला लागेल. वितळलेला माल साच्यात शिरला तो तिथून. सांधा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. साचा उघडल्यावर खुर्ची न अडकता सुटायला हवी, म्हणून प्रत्येक भिंतीला किंचित उतार द्यावाच लागतो, आणि त्याच उतारामुळे खुर्चीत खुर्ची बसते. वीस खुर्च्यांची थप्पी एका कोपऱ्यात मावते. पाठीतल्या फटींनी माल वाचतो, शिवाय वारा खेळतो. बैठकीतल्या भोकातून पावसाचं पाणी निघून जातं. एकेका गोष्टीतून दोन-दोन कामं!

१९६० च्या दशकात इटलीच्या जो कोलंबोने आणि डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनने प्लास्टिकच्या खुर्च्या केल्या. त्या आज संग्रहालयांत आहेत. १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोनेने ‘फोतय ३००’ ही प्लास्टिकची खुर्ची काढली. दोन मिनिटांच्या आत एक खुर्ची तयार. तिची पोरंबाळं आज ग्रामपंचायतीत, दवाखान्यात आणि चहाच्या टपरीवर आहेत.

रंधा

असहमत. तुम्ही सांगितलेली सगळी सोय कारखान्याची, टेम्पोवाल्याची आणि डेकोरेटरची आहे. बसणाऱ्याची कुठली? पाठ घामेजते, कपडे चिकटतात, गुळगुळीत टाइलवर जाड माणूस बसला की मागचे पाय फाकतात.

जुन्या सरकारी कचेरीतली वेताची खुर्ची आठवा. सागवानी सांगाडा, बैठक आणि पाठ वेताच्या पट्टीने विणलेली. वीण सैल पडली की जुनी पट्टी कापायची, नवी भिजवून ओवायची. सांगाडा तोच, बैठक नवी. अंध शाळांमध्ये हे विणकाम शिकवत आणि कचेऱ्यांमध्ये त्या कामावर अंध कर्मचारी असत, कारण ते बोटांनी मोजून करायचं काम आहे. त्या एका खुर्चीवर सुतार, विणणारा, पॉलिशवाला असे तिघे पोट भरत. प्लास्टिकच्या खुर्चीला तडा गेला की सरळ उकिरडा.

चिमटा

लोखंडी घडीच्या खुर्च्या सुचवणाऱ्यांनी आधी बोटांचा विमा काढावा.

पाटचौरंग

रंधा +१. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं इथे फिरलं आणि त्यांनी अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथल्या वस्तूंत त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं? लोटा. कुणा एका माणसाने आखलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलेला. किती पाणी मावावं, भरल्यावर तोल कसा राहावा, कमरेवर कसा बसावा, आतून घासता कसा यावा. वस्तू लोकांच्या वापरातून घडावी ती अशी.

मांडवाखालचा

@पाटचौरंग, हे तर माझ्याच पारड्यात पडलं की! मासोनेनंतर या खुर्चीला कोण एक डिझायनर आहे? देशोदेशीच्या साचेवाल्यांनी एकमेकांची पाहून पाठ थोडी उंच केली, हात रुंद केले, मोडत होतं तिथे पट्टी वाढवली. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती त्यांचीच बेरीज आहे.

पाटचौरंग

लोट्याला कमरेने आकार दिला. तुमच्या खुर्चीला प्रतिस्पर्ध्याच्या दराने दिला. माल किती पातळ करता येईल याचीच शर्यत होती ती.

दाणेवाला

मोल्डिंगच्या धंद्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतो. साच्याला लाखो रुपये लागतात. ते वसूल व्हायचे तर एकाच आकाराच्या ढिगाने खुर्च्या विकाव्या लागतात. सगळ्या खुर्च्या सारख्या का दिसतात याचं कारण साच्याच्या खर्चात आहे.

खुर्ची असते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. व्हर्जिन म्हणजे कोरा दाणा वापरला, उन्हाला टिकण्यासाठी लागणारी भर घातली, भिंत नीट ठेवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण गिऱ्हाईक दुकानात वीस-तीस रुपये तोडतंच. मग आम्ही रिप्रोसेस्ड, म्हणजे जुनं प्लास्टिक दळून केलेला माल मिसळतो, वर कॅल्शियमची भुकटी. चॉकलेटी, मरून असे गडद रंग त्यासाठीच बरे पडतात, पांढऱ्यात भेसळ लगेच दिसते. अशी खुर्ची गच्चीवर दोन उन्हाळे काढते, मग अंगावर खडूसारखी पांढरी भुकटी येते. बोट फिरवलं आणि पांढरं झालं की समजा ठिसूळ झाली, वजनदार माणसाला देऊ नका. घेताना दोन्ही हात धरून बाहेर ताणा. वाकून परत आली तर घ्या.

रानमोडी

‘तडा गेला की उकिरडा’ हे शहरात. आमच्याकडे खिळा चुलीत तापवतात, तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडतात आणि तारेने उलटसुलट टाके घालतात. तारेची टोकं मागे वळवतात, साडी अडकू नये म्हणून. तशी टाके घातलेली खुर्ची आमच्या दूध डेअरीत वजनकाट्याशेजारी आहे. पाहुणा आला की मात्र नवी पुढे करतात. 😄

रंधा

ती दुरुस्ती नव्हे, मलमपट्टी. टाका घातला की तडा त्याच भोकातून पुढे सरकतो.

आल्प्सकर

गंमत ऐका. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सार्वजनिक जागेत या खुर्च्यांना २००८ पासून बंदी होती. कारण काय, तर शहराची शोभा. २०१७ मध्ये बंदी उठली, आणि त्याच वर्षी सीमेपलीकडे जर्मनीतल्या वाइल आम राइन गावच्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमने याच खुर्चीवर प्रदर्शन भरवलं!

फिजिओताई

शोभेचं ठेवा बाजूला. माझ्याकडे गुडघ्याचे पेशंट येतात, त्यांना मी ही खुर्ची वापरू नका म्हणते. बैठक मागे उतरती असते, त्यामुळे माणूस आत रुततो. उठताना सगळा भार खुर्चीच्या हातांवर टाकावा लागतो आणि नेमके तेव्हाच हात बाहेर झुकतात. सत्तरीतल्या बाई अशा खुर्चीतून कशा उठतात ते एकदा नीट बघा. आधी पुढे सरकतात, मग शेजारच्याचा खांदा शोधतात. एकच माप सगळ्यांना दिलं की कडेची माणसं गळतात, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये बसणारी निम्मी माणसं याच कडेची असतात.

मांडवाखालचा

पण याच खुर्चीची चाकाची खुर्ची झाली ना? डॉन शॉनडॉर्फर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बागेतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची लोखंडी सांगाड्यावर बसवून चाकं लावली आणि २००१ मध्ये पहिल्या काही खुर्च्या चेन्नईला आणल्या. पुढे त्यांच्या संस्थेने जगभर लाखाच्या हिशेबात वाटल्या. वेताच्या खुर्चीत हे स्वस्तात जमलं असतं?

फिजिओताई

काहीच नव्हतं त्याला काहीतरी मिळालं, हे कबूल. पण दिवसभर बसणाऱ्याला मापाची बैठक लागते, नाहीतर दाबाच्या जखमा होतात. कमरेखाली संवेदना नसेल तर जखम झालेली कळतसुद्धा नाही. फुकट वाटलेल्या एकाच मापाच्या खुर्च्यांवर आमच्या क्षेत्रातल्यांचा आक्षेप आहे तो हाच.

रंधा

@दाणेवाला, मोडलेल्या खुर्चीचं पुढे काय होतं ते तुम्ही शिताफीने गाळलंत.

दाणेवाला

भंगारवाला किलोवर उचलतो. दळून पुन्हा दाणा होतो. त्याची बादली, कुंडी, नाहीतर पुन्हा चॉकलेटी खुर्ची. दर फेरीला माल कमजोर होतो आणि भुकटी जास्त असेल तर कुणी विचारत नाही. हे खरंच आहे.

रंधा

म्हणजे तुमची कुंडी होईपर्यंत सागवानी खुर्चीत नातू बसलेला असतो.

मांडवाखालचा

कुणाचा नातू? आमच्या गावी सागवानी खुर्ची एकच होती. ती तलाठी आला की ओसरीवर काढायचे. आजोबा स्वतःच्या घरात घोंगडीवर, तलाठी खुर्चीत.

रंधा

घोंगडीत वाईट काय होतं?

फिजिओताई

आजोबांचे गुडघे काय म्हणत होते ते विचारलं होतं का कुणी?